नगर पाहावे सायकलवरून, पण श्वास ओळखून

डिसेंबरातला रविवार, सकाळचे सहा. माळीवाडा वेशीपाशी दहा-बारा सायकली उभ्या होत्या. कुणाची गिअरची, कुणाची मुलाकडून मागून आणलेली, तर एक चक्क वडिलांच्या काळातली काळी, दांडीची. कानटोप्या, मफलर, हातमोजे असा सगळा थंडीचा थाट. शहरातल्या जुन्या वास्तू सायकलवरून दाखवणारा तिशीतला वाटाड्या प्रत्येकाच्या टायरमधली हवा बोटाने दाबून बघत होता आणि बघता बघता तीन प्रश्न विचारत होता. बीपी-शुगरची गोळी चालू आहे का? सकाळी काही खाल्लंय का? जिना किंवा चढ चढताना छातीत कधी काही होतं का?

तिसऱ्या प्रश्नावर चौपन्न वर्षांचे एक गृहस्थ हसले. "अरे बाळा, शाळेत असताना कैची मारून सायकल शिकलोय मी. छातीला काय धाड भरलीये!" सगळे हसले. वाटाड्याही हसला. पण वहीत त्याने त्यांच्या वयापुढे एक छोटी खूण केली. तिसऱ्या रविवारी ती खूण उपयोगी पडली. ते पुढे येईलच.

सायकलच्या मापाचे शहर

अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री रुळले आहे. बोलताना मात्र बहुतेकांच्या तोंडी अजून नुसते 'नगर'च असते. पुण्याहून संभाजीनगरला किंवा शिर्डीला जाणारी असंख्य माणसे या शहरातून जातात; चहा पिऊन पुढे निघतात. शहर पाहायला थांबणारे थोडे. खरे तर १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने सीना नदीकाठी वसवलेले हे शहर दख्खनच्या इतिहासातले एक मोठे पान आहे, आणि ते पान सायकलवरून वाचावे अशाच मापाचे आहे.

मापाचे म्हणजे कसे? वेशी, पेठा, बाग रौजा, भुईकोट किल्ला, दमडी मशीद, भिंगार, फराह बाग ही ठिकाणे एकमेकांपासून एक ते चार किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. पायी जायचे तर अर्धा दिवस मोडतो आणि गुडघे कुरकुरतात. मोटारीने जायचे तर जागा शोधण्यातच वेळ जातो आणि दोन वास्तूंच्या मधले शहर काचेबाहेर निघून जाते. सायकलवर हा सगळा फेरा पंधरा किलोमीटरच्या आसपास होतो. शहराचा मुख्य भाग बराचसा सपाट आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळची हवा कोरडी आणि थंड असते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने पावसाळ्यातही सलग झड क्वचितच लागते. टाळायचे ते एप्रिल-मे.

सायकल आणि नगर यांचा एक योगायोगही आहे. पेशवे आणि इंग्रज यांच्यात १८१७ च्या जून महिन्यात झालेल्या पुण्याच्या तहाने नगरचा किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी, त्याच महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांचे लाकडी यंत्र पायाने जमिनीला रेटा देत रस्त्यावर पळवून दाखवले. त्याला पायडल नव्हते, चेन नव्हती. पण आजच्या सायकलचा वंश तिथून सुरू होतो.

वेशीपासून फराह बागेपर्यंत

अशा सफरीत पहिला थांबा बहुधा माळीवाड्याच्या विशाल गणपतीचा. तिथून पेठांतल्या गल्ल्यांमधून दिल्ली दरवाजा. दरवाज्याबाहेर थोड्या अंतरावर बाग रौजा, म्हणजे शहराच्या संस्थापकाची, अहमद निजामशहाची कबर. काळ्या दगडातली ही देखणी वास्तू पाहायला आलेल्यांना आवारातल्या एका चौथऱ्याची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणाऱ्या गुलाम अली नावाच्या हत्तीची ती समाधी, अशी समजूत आहे.

पुढे भुईकोट किल्ला. हुसेन निजामशहाने सोळाव्या शतकाच्या मध्यात मातीच्या जुन्या कोटाच्या जागी दगडी तट बांधला. आकार जवळजवळ वर्तुळाकार, घेर सुमारे पावणेदोन किलोमीटर, भोवती रुंद खंदक. १५९५-९६ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तटाला खिंडार पाडले, तेव्हा चांदबिबीने स्वतः उभे राहून ते रातोरात बुजवून घेतले. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने हाच किल्ला घेतला. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना इथेच आणून ठेवले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव हे त्यातले काही.

आरोग्याच्या अंगाने पाहिले तर या बंदिवासातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोंडलेल्या माणसाचे शरीर आणि मन दोन्ही खचते. नेहरूंनी यावर शोधलेला एक उपाय म्हणजे बागकाम. त्या ओसाड आवारात कुदळ-फावडे घेऊन त्यांनी वाफे केले. खणताना जमिनीखाली जुन्या भिंतींचे अवशेष लागत, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक त्यांनी इथेच १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिले. मौलाना आझादांच्या वाट्याला वेगळे दुःख आले. एप्रिल १९४३ मध्ये कोलकात्यात त्यांच्या पत्नी झुलैखा बेगम वारल्या आणि त्यांना शेवटचे पाहताही आले नाही. 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे त्यांनी याच भिंतींआड लिहिली. किल्ला आजही लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे जाण्याआधी प्रवेशाच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.

किल्ल्याच्या पलीकडे दमडी मशीद. १५६७-६८ च्या सुमाराची, आकाराने लहान, पण दगडावरचे कोरीव काम थक्क करणारे. किल्ल्यावर राबणाऱ्या मजुरांनी रोज मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ती बांधली, अशी आख्यायिका आहे. भिंगारच्या बाजूला आलमगीर नावाची जागा. १७०७ मध्ये औरंगजेब नगरलाच मरण पावला, दफन मात्र खुलताबादला झाले. मग लष्करी हद्दीत १९९४ मध्ये उघडलेले रणगाडा संग्रहालय आणि फराह बाग. एकेकाळी तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी महाल आज कोरड्या जमिनीवर उभा आहे.

पाणी गेले, पण पाण्याची गोष्ट उरली आहे आणि आरोग्याच्या सदरात ती सांगायलाच हवी. निजामशाहीत नगरला पाणी येत असे ते खापरी नळांतून. शहराबाहेरच्या डोंगरपायथ्याच्या गावांतले झरे आणि विहिरी हेरून तिथले पाणी जमिनीखालच्या बांधीव आणि भाजक्या मातीच्या नळांतून केवळ उताराच्या जोरावर शहरात आणलेले होते. कापूरवाडी, वडगाव, भिंगार ही नावे त्या नळांना चिकटलेली आहेत. झाकलेले, वाहते पाणी म्हणजे घाण मिसळण्याची शक्यता कमी आणि बाष्पीभवनही कमी. कॉलरा किंवा टायफॉइडचे जंतू कुणाला ठाऊक नव्हते, त्याच्या तीन शतके आधीची ही व्यवस्था. इतक्या कमी पावसाच्या प्रदेशात शहर आणि बागा कशा जगल्या, याचे उत्तर या मातीच्या नळांत आहे. सायकलवरून त्यांची वाट धरली की जमिनीचा बारीक उतारही पायांना कळतो. मोटारीत बसून तो कधीच कळत नाही.

पाहिलेले लक्षात का राहते

सफर संपल्यावर अनेक जण म्हणतात, "इतिहासाच्या पुस्तकातलं काही आठवत नाही, पण हे सगळं आठवतं." यामागे मेंदूचे विज्ञान आहे. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग असतो. नवी आठवण तयार करणे आणि आपण कुठे आहोत याचा नकाशा ठेवणे ही दोन्ही कामे तो करतो. विशिष्ट जागी गेल्यावरच चेतणाऱ्या पेशी या भागात असतात, हे जॉन ओकीफ यांनी उंदरांमध्ये दाखवले. पुढे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांनी शेजारच्या भागात जागेचे मोजमाप ठेवणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले.

जागा आणि आठवण यांचे घर एकच असल्याने जागेला चिकटलेली माहिती घट्ट बसते. चांदबिबीची गोष्ट वर्गात ऐकणे वेगळे आणि तटासमोर सायकल टेकवून ऐकणे वेगळे. वळणे घेत, उजवे-डावे ओळखत स्वतः वाट काढली की हा भाग कामाला लागतो. कुणी गाडीतून नेऊन सोडले की तो बराचसा निवांत राहतो. लंडनच्या रस्त्यांचे जाळे पाठ असलेल्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० मध्ये दिसून आले.

यात व्यायामाची भर पडते. अमेरिकेत ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवर केलेला एक प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालायला लावले, निम्म्यांना फक्त ताणाचे व्यायाम दिले. वर्षअखेरीस चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा आक्रसला होता. या वयात तो दरवर्षी एक-दोन टक्क्यांनी आक्रसतो, हे लक्षात घेतले तर दोन टक्के कमी नाहीत.

हृदयाच्या खात्यावर जमा

बैठे काम आणि हृदयविकार यांचे नाते पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते लंडनच्या दुमजली बसमध्ये. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवले, की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. दोघे एकाच बसमध्ये, एकाच धुरात. फरक होता तो पायांच्या हालचालीचा.

सायकलबाबतची मोठी पाहणी कोपनहेगनची. सुमारे तीस हजार स्त्री-पुरुषांचा सरासरी साडेचौदा वर्षे मागोवा घेतला तेव्हा कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांच्या पाहणीतही हाच कल दिसला. फरक तिथे ४१ टक्क्यांचा होता. अर्थात सायकल चालवणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात, म्हणून सगळे श्रेय सायकलला देता येणार नाही. पण वय, धूम्रपान, वजन वगैरेंचा हिशेब वजा करूनही फरक उरतो.

शरीरात घडते ते असे. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू हे शरीरातले मोठे स्नायू. ते आकुंचन पावू लागले की इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात, आणि व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. मधुमेह्यासाठी एक दिवसाआड सायकल म्हणजे जणू औषधाचा एक डोसच. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, वाहिन्या सैलावतात, रक्तदाब काही तास खाली राहतो. शिवाय शरीराचा बराचसा भार सीट उचलते. त्यामुळे गुडघेदुखीमुळे चालणे सुटलेल्यांनाही सायकल बहुधा झेपते.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आठवड्याला मध्यम श्रमाच्या १५० ते ३०० मिनिटांचा आहे. थांबे वगळून दोन तासांची रविवारची फेरी म्हणजे त्यातली १२० मिनिटे झाली. ती फुकट जात नाहीत. मनगटावरच्या यंत्राने हालचाल मोजलेल्या सुमारे ९० हजार लोकांच्या २०२३ मधल्या पाहणीत एक-दोन दिवसांत आठवड्याचा व्यायाम उरकणाऱ्यांनाही हृदयविकारापासून जवळपास तेवढेच संरक्षण मिळालेले दिसले. मात्र यात एक मेख आहे. ती कळण्यासाठी शाह डोंगराकडे जावे लागेल.

शाह डोंगराचा चढ

नगरच्या पूर्वेला पाथर्डी रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटरवर डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीचा कर्तबगार वजीर दुसरा सलाबतखान याची कबर आहे. शहराच्या पाणी-योजनांशी आणि फराह बागेशी जोडलेले हेच ते नाव. माथ्यावरून सारे नगर पायथ्याशी पसरलेले दिसते. शहरापासून तिथवर अडीच-तीनशे मीटरची उंची चढावी लागते.

तिसऱ्या रविवारी ती चमू इकडे निघाली. वाटाड्याची एक सवय होती. दर काही मिनिटांनी तो कुणाच्या तरी बरोबरीने सायकल घ्यायचा आणि मागच्या थांब्यावरचे काही विचारायचा. सगळ्यांना वाटे, इतिहासाची उजळणी घेतोय. चढ सुरू होऊन थोडा वेळ झाल्यावर तो चौपन्न वर्षांच्या गृहस्थांच्या शेजारी आला.

"काका, बाग रौजातल्या हत्तीचं नाव काय होतं?"

"गुलाम..." काका थांबले. दोन श्वास घेतले. "...अली."

"आणि त्यानं कोणाला धरलं?"

उत्तर आले नाही. काकांनी एक हात हँडलवरून काढून छातीवर ठेवला होता. कपाळावर थंडीतही घाम. वाटाड्याने त्यांना उतरवून रस्त्याकडेला बसवले. दुखत होते असे नाही, दडपण होते. कुणी छातीवर विटा ठेवल्यासारखे. डाव्या जबड्यात जडपणा होता. चार-पाच मिनिटांत सगळे ओसरले. काका उठू लागले. "पित्त असेल. सकाळी चहा उपाशीपोटी झाला. चला, थोडंच राहिलंय." आणखी दोघांनी दुजोरा दिला, एकाने खिशातून पित्ताची गोळीही काढली.

वाटाड्याने ऐकले नाही. "काका, महाल चारशे वर्षं तिथंच आहे. तो कुठं जात नाही." मागून येणारी गाडी थांबवून त्याने काकांना थेट रुग्णालयात नेले. पहिला ईसीजी जवळजवळ ठीक होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणाऱ्या ट्रोपोनिनची रक्ततपासणीही ठीक आली. तरीही चढावर आलेले आणि विश्रांतीने गेलेले दडपण, जबड्यात गेलेली जाणीव, घाम आणि वय पाहून डॉक्टरांनी त्यांना सोडले नाही. पुढच्या तपासण्यांत हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी बरीच अरुंद झालेली आढळली. अँजिओप्लास्टी झाली. झटका येण्याआधी झाली, हे महत्त्वाचे.

शहरातल्या सपाट फेऱ्यांत जे कळले नाही ते चढावर का कळले? हृदयाच्या स्नायूची प्राणवायूची गरज नाडीचा वेग आणि रक्तदाब यांवर ठरते. सपाटीवर निवांत सायकल चालवताना शरीर बसल्या जागेच्या पाच-सहा पट ऊर्जा वापरते. चढावर ती आठ-दहा पटींवर जाते. हृदयाला स्वतःचे रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळते. नाडी वाढली की नेमका तो विसावा आखडतो. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठ्याची वेळ कमी होते. त्यात थंड हवेने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. सुमारे सत्तर टक्के अरुंद झालेली वाहिनी घरात पुरते, घाटात पुरत नाही.

हीच ती मेख. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले, की जड श्रमानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका व्यायामाची अजिबात सवय नसलेल्यांत शंभरपटींहून अधिक वाढतो. आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत तो अडीचपटींच्याही आत राहतो. एका फेरीपुरता धोका तसा फार लहान असतो, त्यामुळे घाबरून घरी बसण्यात शहाणपण नाही. शहाणपण आहे ते सवय हळूहळू लावण्यात. आपल्याकडे तर अधिकच, कारण दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, जगातल्या इतर भागांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी.

बोलता आले पाहिजे

वाटाड्याचे प्रश्न म्हणजे खरे तर वैद्यकशास्त्रातली एक जुनी, बिनखर्चाची चाचणी. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम आहेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तेव्हा ते जड झाले. २२० मधून वय वजा करून नाडीची मर्यादा काढण्याचे गणित अनेकांना ठाऊक असते. पण रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधाने दबलेली असते. मनगटावरचे घड्याळ 'सगळे ठीक' म्हणते आणि छाती वेगळे सांगते. अशा वेळी श्वासावर विश्वास ठेवावा.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः रक्तदाब, मधुमेह, तंबाखू-धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल तर, चढाच्या सफरीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विश्रांतीतला ईसीजी चांगला आला म्हणजे सारे उत्तम, असे नाही. चढावर काही होते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्तदाब १८०/११० च्या घरात असेल तर आधी तो आटोक्यात आणावा, मग सायकल. सुरुवात आठवड्यातून तीन-चार दिवस वीस मिनिटांच्या सपाट फेरीने करावी. महिना-दीड महिन्यानंतर चढाचा विचार करावा.

मधुमेह्यांसाठी आणखी एक. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी सायकल चालवली तर साखर झपाट्याने उतरू शकते. हात थरथरणे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड ही तिची लक्षणे. निघण्याआधी पोळी, पोहे असे काही खावे आणि खिशात साखर ठेवावी. लक्षणे दिसताच थांबून तीन चमचे साखर घ्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग काहीतरी खावे. चिक्की किंवा लाडू तेवढ्या वेगाने काम करत नाहीत. त्यांतल्या तेला-तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

गुडघे दुखतात ते बऱ्याचदा सीट खाली असल्यामुळे. टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेले की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो. ते माप बरोबर. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवरचा भार कमी करावा, हाताची जागा बदलत राहावी. हेल्मेट मात्र सोयीचा प्रश्न नाही. वेगवेगळ्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष सांगतो, की हेल्मेटमुळे सायकलच्या अपघातात डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो. नगरमधून इतके महामार्ग फुटतात आणि त्यांवर ट्रकची एवढी वर्दळ असते, की सफर सूर्योदयाच्या सुमारास सुरू करून गर्दी वाढण्याआधी संपवणेच बरे. त्याने धूरही टळतो. चढ चढून झाल्यावर एकदम उभे राहू नये. पायांत साचलेले रक्त वर यायला पाच मिनिटे हलक्या पायडलची जोड लागते, नाहीतर चक्कर येते.

आणि छातीत दडपण आलेच तर थांबावे, बसावे, एकट्याने पुढे जाऊ नये. पहिल्यांदाच असे झाले असेल तर ओसरल्यावरही त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पाच-दहा मिनिटांत न ओसरल्यास १०८ ला फोन करावा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि ती विनामूल्य आहे. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल तर ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाण्याचा सल्ला डॉक्टर देतात. दुसऱ्याच्या खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी मात्र जिभेखाली ठेवू नये, रक्तदाब एकदम कोसळू शकतो. बायकांमध्ये लक्षणे अनेकदा वेगळी असतात. नुसती धाप, मळमळ, पाठीत किंवा खांद्यांमध्ये दुखणे, न कळणारा थकवा. 'दगदग झाली' म्हणून ते अंगावर काढले जाते.

सफर दाखवणाऱ्यांनी इतिहासाइतकीच एक गोष्ट शिकून घ्यावी. छाती दाबणे आणि कृत्रिम श्वसन देणे यांचे प्रशिक्षण काही तासांचे असते. हवा भरायचा पंप आणि पंक्चरचे सामान पिशवीत असते, तशीच सोबतच्या प्रत्येकाच्या घरच्याचा फोन नंबर आणि चालू औषधांची नोंद वहीत असावी.

पुढचा हिवाळा

काकांनी अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार आधी चालणे सुरू केले. काही आठवड्यांनी घरातली स्थिर सायकल, मग ट्रेडमिलवरची चाचणी, मग रस्त्यावरची सपाट फेरी. तंबाखू सुटली. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत हे त्यांना बजावले होते, कारण त्या मध्येच थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पुढच्या डिसेंबरात ते पुन्हा माळीवाडा वेशीपाशी उभे होते. या खेपेला हेल्मेट होते, खिशात गोळ्यांची यादी होती आणि वाटाड्याच्या तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी हसून नव्हे, नीट विचार करून उत्तर दिले.

त्या हिवाळ्याच्या शेवटी, डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर, ते शाह डोंगराकडे गेले. सगळ्यांत मागे, सगळ्यांत हलक्या गिअरवर. जिथे चढ तीव्र झाला तिथे खाली उतरून सायकल हाताने ढकलत. मागच्या वर्षी ते बसले होते, त्याच वळणाच्या आसपास वाटाड्या शेजारी आला.

"काका, हत्तीनं कोणाला धरलं होतं?"

"रामरायाला. तालिकोटच्या लढाईत, १५६५ साली. आणि हत्तीचं नाव गुलाम अली," काका एका दमात म्हणाले. "आता मला विचार, हा महाल खरा कोणाचा?"